लैंगिक स्वास्थ्य व मानसिक आरोग्य : गोव्यातील पेडणे व डिचोली

जोडीदारांच्या शरीरसंबंधांतील सुख, सुरक्षितता व परस्परसंमती यांचा मनाच्या प्रकृतीशी असणारा संबंध आणि त्याबद्दल समाजात रूढ असलेली समजूत. कामेच्छा मंदावणे, लिंगाला ताठरता न येणे, संभोगात वेदना होणे अशा तक्रारींना शरीरात कारण सापडले नाही की वैद्यक त्या फार काळ मनोविकारांच्या यादीत टाकत असे. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीने (लागू 1 जानेवारी 2022) त्यांना स्वतंत्र प्रकरण दिले. रोगी मात्र अशा प्रकरणवारीने दवाखान्यात येत नाही, आणि गोव्यात झालेल्या संशोधनाचे सार हेच आहे.

पेडणे व डिचोली हे उत्तर गोव्यातील तालुके अठराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगीज अमलाखाली आले, म्हणून त्यांची गणना नव्या काबिजादीत होते. आधीपासून पोर्तुगीजांकडे असलेल्या बार्देश-सासष्टीच्या मानाने इथे ख्रिस्तीकरण थोडे झाले. देवळे, भजन, कीर्तन आणि मराठी वर्तमानपत्र यांचा पगडा राहिला. बोलणे कोंकणीत, लिहिणे-वाचणे बरेचसे मराठीत. याचा प्रस्तुत विषयाशी संबंध आहे. कॅथलिक जोडप्यांना लग्नाआधी चर्चचा विवाहपूर्व वर्ग तरी करावा लागतो. तिथे जे सांगतात ते पुरेसे असते असे नाही, पण विषय निघतो. पेडण्या-डिचोलीतल्या बहुसंख्य हिंदू घरांत निबंधकाकडची सही, साखरपुडा आणि मांडव यांच्यामध्ये तो कुठेच निघत नाही. विवाहपूर्व समुपदेशन सक्तीचे करण्याचा मनोदय गोव्याचे तत्कालीन कायदामंत्री नीलेश काब्राल यांनी 2021 मध्ये जाहीर केला होता. त्यामागे वाढत्या घटस्फोटांची चिंता होती, शरीरसुखाची नव्हे.

तक्रार दवाखान्यात कोणत्या रूपाने येते हा या विषयाचा गाभा आहे. 'नवरा नको म्हटले तरी ऐकत नाही' किंवा 'मला काही वाटेनासे झाले आहे' असे कोणी केसपेपरवर लिहून घेत नाही. बाई सांगते ती अंगावरून पांढरे जाते, कंबर दुखते, हातापायांत बळ नाही, झोप लागत नाही, 'टेन्शन' आहे. पुरुष सांगतो तो अशक्तपणा. गोव्यातील एका प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हद्दीत या शतकाच्या आरंभी 18 ते 50 वयाच्या 2494 स्त्रियांची पाहणी झाली. मनोविकारतज्ज्ञ विक्रम पटेल व त्यांचे सहकारी यांनी ती केली. त्यांतील 14.5 टक्के स्त्रियांनी अंगावरून जाण्याची तक्रार सांगितली. प्रयोगशाळेत तपासणी केली तेव्हा या तक्रारीचा जंतुसंसर्गाशी संबंध क्षीण निघाला. मनाचा ताण व शरीरभर जाणवणाऱ्या इतर दुखण्यांशी तो कितीतरी घट्ट होता. सततच्या थकव्याचेही तेच. नैराश्य व चिंताविकार 6.6 टक्के स्त्रियांत आढळले आणि त्यांचा धोका वाढवणाऱ्या गोष्टींत नवऱ्याकडून होणारी लैंगिक जबरदस्ती, वैधव्य वा विभक्तपणा, घरातल्या निर्णयांत वाटा नसणे व माहेर-सासरचा आधार नसणे या ठळक होत्या.

या निष्कर्षांचा व्यवहारातला अर्थ सरळ आहे. अंगावरून जाते म्हटल्याबरोबर प्रतिजैविकांचा कोर्स लिहून देणारा डॉक्टर अनेकदा चुकीच्या रोगावर औषध देत असतो. बाईला महिनाभर बरे वाटते, मग ती पुन्हा रांगेत. दुसऱ्या बाजूने, खरा संसर्ग असू शकतो आणि तो तपासल्याशिवाय 'सगळे मनाचे आहे' म्हणणे हाही अपराधच. संसर्गाचा आणि मनाचा, असे दोन्ही प्रश्न विचारायला हवेत, आणि दुसरा विचारताना सासू किंवा नवरा खोलीबाहेर हवा. आरोग्य केंद्राच्या ओपीडीत एका टेबलाभोवती चार माणसे उभी असतात, तिथे नेमके हेच जमत नाही.

बाळंतपणानंतरचा काळ असाच दुर्लक्षित राहतो. म्हापशाच्या जिल्हा रुग्णालयात नोंद झालेल्या 270 मातांच्या अभ्यासात (प्रसिद्धी 2002) सहा आठवड्यांनी 23 टक्के माता नैराश्यग्रस्त आढळल्या. गरिबी, नवऱ्याची मारझोड आणि मुलगी झाल्याची नाराजी ही कारणे पुढे आली. अशा अवस्थेत शरीरसंबंधाची इच्छा नसणे हे आजाराचे लक्षण असते. घरात मात्र ते बायकोचे 'नखरे' ठरते.

पुरुषांच्या बाबतीत धातू जाण्याची भीती हा जुना भारतीय प्रश्न. वीर्य गेले की बळ गेले, या समजुतीतून येणारी धास्ती, थकवा व नपुंसकत्वाची चिंता यांना मनोविकारतज्ज्ञ एन. एन. विग यांनी 1960 मध्ये 'धात सिंड्रोम' हे नाव दिले. झोपेत वीर्यपात होणे निरुपद्रवी आहे, एवढे एक वाक्य शाळेत सांगितले असते तर पुष्कळ पैसा वाचला असता. तो पैसा जातो कुठे, हे बसस्थानकांच्या आसपासच्या भिंतींवर दिसते: गुप्तरोग, शीघ्रपतन, खात्रीशीर इलाज. कामशक्ती वाढवण्याची हमी देणाऱ्या जाहिरातींना 1954 च्या औषधे व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने बंदी आहे. भिंती रंगवणाऱ्यांना त्याची फिकीर नाही.

खरी कारणे अधिक साधी असतात. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत मधुमेहाचे सर्वांत जास्त प्रमाण, 26.4 टक्के, गोव्यात आढळले. ताठरता कमी होणे ही काही वेळा मधुमेहाची वा रक्तवाहिन्यांच्या विकाराची पहिली सूचना असते. दारूचे व्यसन हेही मोठे कारण. तिसरे कारण खुद्द उपचारात असते: नैराश्यावरच्या एसएसआरआय गटातील गोळ्यांनी कामेच्छा घटू शकते, वीर्यपात लांबतो. हे आधी कोणी सांगितलेले नसते. रोगी लाजेने विचारत नाही, गुपचूप गोळी सोडतो, आणि दोन-तीन महिन्यांत आजार उलटतो. मात्रा कमी करणे वा औषध बदलणे हे यावरचे नेहमीचे उपाय आहेत.

दवाखान्याआधी देवळाची पायरी चढणे ही या भागातली रीत. देवापुढे गाऱ्हाणे घालायचे, कौल घ्यायचा, घाड्याला (गावच्या मांत्रिकाला) विचारायचे. कोजागरीच्या रात्रीची पेडण्याची पुनव यासाठीच दूरवर ठाऊक आहे. रवळनाथ व भूतनाथ यांची तरंगे (देवांची प्रतीके असलेले खांब) रंगीत वस्त्रांनी सजून निघतात आणि बाधा झाली असे मानलेल्यांना तिथे मुक्तीसाठी आणतात. याकडे नुसती अंधश्रद्धा म्हणून पाहणे उथळपणाचे आहे. 'बाधा' म्हटल्याने दोष बाईवरून उतरून भुतावर जातो, घरचे तिच्याभोवती जमतात, कोणीतरी ऐकून घेते. मनोरुग्ण हा शिक्का एवढी सोय देत नाही. तोटा होतो तो अंगात येणारी बाई नेमकी का कोसळली हे कोणी विचारत नाही तेव्हा, आणि तीव्र मनोविकाराच्या उपचाराला विलंब होतो तेव्हा. गाऱ्हाणे आणि गोळी एकत्र चालू शकतात. गोळी बंद करायला लावणारा घाडी मात्र टाळावा.

मानसोपचाराची परंपरा गोव्याला परकी नाही. कांदोळी इथे 1756 मध्ये जन्मलेले आबे फारिया यांनी पॅरिसमध्ये संमोहनाचे प्रयोग केले. निद्रावस्था चुंबकीय द्रवाने येत नसून ज्याच्यावर प्रयोग होतो त्याच्या स्वतःच्या मनातून येते, असे त्यांनी मेस्मर या वैद्याच्या मताविरुद्ध मांडले. त्यांच्याच नावाने 1957 मध्ये पणजीत मनोरुग्णालय सुरू झाले. आजची बांबोळीची मनोविकार व मानवी वर्तन संस्था (आयपीएचबी) ही त्याची उत्तराधिकारी. 1996 मध्ये स्थापन झालेल्या पर्वरीच्या 'संगत' संस्थेने वेगळी वाट काढली. मनोविकारतज्ज्ञ गावोगावी पुरणार नाहीत, तेव्हा पदवीधर पण बिगरवैद्यकीय स्थानिक माणसांना शिकवून समुपदेशक करावे, ही ती कल्पना. 'मनशांती सुधार शोध' ऊर्फ मानस या प्रयोगात गोव्यातील 12 सरकारी केंद्रे व 12 खासगी दवाखाने होते आणि 2796 रुग्ण. ओपीडीत थांबलेल्या रोग्याला 12 प्रश्न विचारायचे, गुण जास्त आले तर समुपदेशकाकडे पाठवायचे. झोप, श्वास, दिवसाचा क्रम इथून बोलणे सुरू. समुपदेशक नसलेल्या सरकारी केंद्रांत 42.5 टक्के रुग्ण बरे झाले, तर समुपदेशक असलेल्या केंद्रांत 65.9 टक्के (2010). खासगी दवाखान्यांत फरक पडला नाही, कारण तिथले रोगी एरवीही तेवढेच बरे होत होते. ओळखीचा फॅमिली डॉक्टर बसून ऐकतो, हे त्याचे एक कारण असावे. पुढच्या प्रयोगात (2017) तीव्र नैराश्याचे 495 रुग्ण होते आणि त्यांतील सुमारे निम्म्यांना सहा ते आठ बैठका मिळाल्या. नैराश्य ओसरलेच, शिवाय स्त्रियांवर जोडीदाराकडून होणारी मारहाणही घटली. मन सुधारले की घर सुधारते, याला एवढा मोजलेला पुरावा क्वचितच मिळतो. कामजीवनाचा प्रश्न मात्र या प्रयोगांच्याही कडेलाच राहिला.

दोन्ही तालुक्यांना अलीकडे आर्थिक धक्केही बसले. डिचोलीत 2012 व पुन्हा 2018 मध्ये खाणी थांबल्या आणि ट्रक घेतलेल्या घरांवर कर्ज राहिले. पेडण्यात मोपा विमानतळाने जमिनी घेतल्या, पाळीची नोकरी व रात्रीचे कामाचे तास आणले. नोकरी गेलेल्या पुरुषाला शय्येवरही अपयश येते तेव्हा दोन्हींचे कारण एकच असू शकते.

मराठीत या विषयावर उघड बोलण्याचा पाया र. धों. कर्वे यांनी 'समाजस्वास्थ्य' या मासिकातून (1927-53) घातला. त्यांच्यावरील 1934 च्या अश्लीलतेच्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. या विषयाभोवतीच्या भीतीची झळ गोव्यात डॉमिनिक डिसोझा यांना बसली. एचआयव्हीची लागण आढळल्यावरून त्यांना 1989 मध्ये म्हापशात दोन महिन्यांहून अधिक काळ डांबून ठेवले गेले. त्यांच्याच प्रेरणेने 1992 मध्ये 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था उभी राहिली. समलिंगी संबंध गुन्हा नाहीत हे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2018 मध्ये ठरवले, तरी लग्न लावून दिले की 'सुधारेल' हा समज गावोगाव टिकून आहे. त्यात दोन आयुष्यांचे नुकसान होते.

2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा (लागू 29 मे 2018) उपचाराचा व गुप्ततेचा हक्क देतो आणि आत्महत्येच्या प्रयत्नाकडे शिक्षेच्या नव्हे, तर तीव्र ताणाच्या दृष्टीने पाहतो. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात नवऱ्याकडून होणारा लैंगिक छळही येतो. बांबोळीपर्यंत जाणे जमत नसेल किंवा तिथे कोणी ओळखेल अशी धास्ती असेल, त्यांच्यासाठी ऑक्टोबर 2022 पासून केंद्र सरकारची टेलि-मानस ही दूरध्वनी सेवा आहे: क्रमांक 14416, चोवीस तास, विनामूल्य, मराठीतही. फोन करताना टेन्शनवर थांबू नये. घरातली व शय्येवरची अडचणही सांगावी.