फ्लिटचा पंप आणि जावाचा कार्बोरेटर

पन्नाशी ओलांडलेल्या वाचकांना ढेकणांवर मारायचा फ्लिटचा पंप आठवत असेल. दांडा पुढे ढकलला की हवेचा झोत नळीच्या तोंडावरून जाई, डब्यातले औषध वर ओढले जाई आणि त्याचा फवारा उडे. ज्याला तो पंप समजला त्याला मोटरसायकलचा कार्बोरेटर समजला, असे मी इतिहासाच्या तासाला यंत्रयुग आले की मुलांना सांगत असे. फरक एवढाच की इथे दांडा आपण ढकलत नाही. इंजिनच हवा ओढून घेते, आणि औषधाच्या जागी पेट्रोल उडते.

अरुंद जागेतून वाहताना प्रवाहाचा वेग वाढतो आणि दाब कमी होतो, हे इटलीच्या व्हेन्चुरीने १७९७ मध्ये प्रसिद्ध केले होते. पण इंजिनाला त्याचा उपयोग व्हायला जवळजवळ शंभर वर्षे लागली. डाइम्लर आणि मायबाख यांनी १८८५ साली जर्मनीत पेट्रोलची दुचाकी केली, तिच्यात फवारा नव्हताच. पेट्रोलच्या पृष्ठभागावरून हवा न्यायची आणि तिच्याबरोबर येईल तेवढ्या वाफेवर इंजिन चालवायचे. उन्हात वाफ जास्त, थंडीत कमी. १८९३ साली बुडापेस्टचे दोनात बांकी व यानोश चोंका यांनी, आणि त्याच वर्षी मायबाखनेही, फवाऱ्याचा कार्बोरेटर केला. फुलांवर तोंडाने पाणी फवारणारी फुलवाली पाहून बांकी-चोंकांना ही युक्ती सुचली, अशी आख्यायिका आहे. खरी असो वा नसो, फ्लिटच्या पंपाशी तिचे नाते जवळचे आहे.

हा फवारा आमच्या घरी आला तो जावाच्या रूपाने. यानेचेक आणि वाँडरर या दोन नावांची आद्याक्षरे जोडून १९२९ मध्ये झेकोस्लोव्हाकियात ही कंपनी निघाली. म्हणजे खरा उच्चार 'यावा', पण आपल्याकडे 'जावा'च रुळले. १९६१ पासून म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात ती बनू लागली. १९७३ मध्ये तिची 'येझदी' झाली आणि १९९६ मध्ये तो कारखाना बंद पडला. आमची गाडी १९६८ सालची. किक आणि गिअर एकाच दांड्यावर, आणि कार्बोरेटर झेक घडणीचा, जिकोव्ह.

हा कार्बोरेटर घरी उघडण्यात काही गूढ नाही. पेट्रोलचा नळ बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात, देवघरातली उदबत्ती विझेपर्यंत थांबावे आणि एका जुन्या थाळीत एकेक भाग काढण्याच्या क्रमाने मांडावा. गाडी मिसिंग करत असेल तर बहुधा जेटमध्ये कचरा असतो. जेट म्हणजे भोक पाडलेला पितळी स्क्रू. त्यावर आकडा कोरलेला असतो. आकडा मोठा तसे भोक मोठे. त्यात तार किंवा टाचणी कधीही घालू नये. पितळ मऊ असते, भोक केसभर वाढले तरी मिश्रण बिघडते. पेट्रोलमध्ये बुडवून सायकलच्या पंपाने हवा मारली की पुरते.

पेट्रोल वाहून जात असेल तर फ्लोट पाहावा. जुना पितळी फ्लोट कानाशी धरून हलवला आणि आत खुळखुळले तर तो फुटला आहे. भोक दिसत नसेल तर गरम पाण्यात बुडवला की तिथून बुडबुडे येतात. डाग देण्याआधी आतला थेंब न् थेंब काढायला हवा, नाहीतर भडका ठरलेला. डागही अगदी थोडा द्यावा. फ्लोट जड झाला की तो जास्त बुडतो, पेट्रोलची पातळी चढते आणि नवे दुखणे सुरू होते.

सगळे जोडल्यावर गाडी दोन-चार मैल फिरवून प्लग काढावा. काळा आणि काजळीचा असेल तर पेट्रोल जास्त, पांढरट असेल तर कमी, बिस्किटाच्या रंगाचा असेल तर ठीक. पांढऱ्या प्लगकडे दुर्लक्ष करू नये. जावा टू-स्ट्रोक, तिचे ऑईल पेट्रोलमधूनच येते. पेट्रोल कमी पडले की ऑईलही कमी पडते आणि पिस्टन जाम होतो.

एवढे गुणगान केल्यावर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कार्बोरेटरला फक्त हवेचा ओढा कळतो. घाट चढून महाबळेश्वरला गेले की हवा विरळ होते हे त्याला समजत नाही; तो जास्तच पेट्रोल देत राहतो. न जळलेला भाग धुरातून बाहेर पडतो आणि तो आपल्या नातवंडांच्या छातीत जातो. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे नियम आले आणि नव्या दुचाकींतून कार्बोरेटर जवळजवळ हद्दपार झाला. २०१८ मध्ये पुन्हा आलेल्या जावातही इंजेक्शनच आहे. हे योग्यच झाले, असे माझे मत आहे.

पण जुन्या गाड्या अजून रस्त्यावर आहेत आणि त्यांचे पेट्रोल मात्र बदलले आहे. २०२५ मध्ये देशात वीस टक्के इथेनॉलचे मिश्रण गाठले गेले. त्यातले काही इथेनॉल आपल्याच उसाचे, म्हणून शेतकऱ्याला त्यात दोन पैसे मिळतात. मात्र इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याच जेटमधून आलेले मिश्रण पातळ पडते. नव्या गाडीतला सेन्सर ते ओळखून भरपाई करतो. जुन्या गाडीतला सेन्सर म्हणजे तिचा मालक. शिवाय इथेनॉल हवेतले पाणी ओढते आणि जुने रबर फुगवते.

मला काळजी वाटते ती याची. गाडीच्या आवाजावरून आणि प्लगच्या रंगावरून दोष ओळखणारे हात म्हातारे झाले आहेत. कोपऱ्यावरच्या गॅरेजमधल्या मुलाने कार्बोरेटर क्वचितच उघडलेला असतो. हे ज्ञान पुस्तकात फारसे उतरले नाही, ते पाहून-पाहूनच पुढे गेले. म्हणून ज्यांच्या घरी जावा, येझदी, राजदूत किंवा जुनी बुलेट आहे, त्यांनी येत्या रविवारी प्लग काढून रंग पाहावा. पांढरट दिसला तर एक-दोन आकडे मोठा जेट घालून पाहावा, रबरी नळी बदलावी, आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर फ्लोटच्या वाटीतले पेट्रोल काढून ठेवावे. आणि हे करताना घरातल्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला थाळी धरायला शेजारी बसवावे.