जी-६-पी-डी न्यूनतेची शीघ्र चाचणी (हिवतापातील)

ग्लुकोज-६-फॉस्फेट डिहायड्रोजनेज हे तांबड्या पेशींचे ऑक्सिडीकरणापासून रक्षण करणारे विकर ज्याच्या ठायी जन्मतः अपुरे आहे, असा हिवतापाचा रुग्ण प्रायमाक्वीन सुरू होण्यापूर्वीच ओळखू यावा, म्हणून त्याच्या खाटेपाशी बोटाच्या रक्तावर करावयाची परीक्षा.

व्हायवॅक्स हिवतापाचे जंतू यकृतात सुप्तावस्थेत दडी मारून बसतात आणि काही महिन्यांनी पुन्हा उचल खातात. त्यांच्या उच्छेदासाठी भारतात प्रायमाक्वीन हे औषध वजनाच्या दर किलोग्रॅमला ०.२५ मिलिग्रॅम या मानाने रोज, असे १४ दिवस देतात; आरोग्य खात्याच्या दप्तरात यालाच समूळ उपचार म्हणतात. विकरन्यून मनुष्याच्या रक्तपेशी मात्र या औषधाने फुटू लागतात, दोन-तीन दिवसांत लघवी कोऱ्या चहासारखी गडद होते, कावीळ व पांडुता दिसते, आणि क्वचित प्राणावरही बेतते. १९५६ साली शिकागोच्या कार्सन, आल्व्हिंग प्रभृतींनी यामागील विकरदोष उघडकीस आणला; त्यासाठीचे प्रयोग तुरुंगातील कैद्यांवर झाले होते, ही गोष्ट कोशातून गाळू नये.

महाराष्ट्राचा या दोषाशी परिचय जुना आहे. मुंबईतील नमुन्यांवरील बक्षी, बालकृष्णन व संघवी यांची निरीक्षणे १९६१ साली प्रसिद्ध झाली. पारशी समाजात त्याचे प्रमाण लक्षणीय आढळले. आणि १९८४ साली एका कोळी कुटुंबात सापडलेल्या प्रकाराला ‘कल्याण’ हे नाव मिळाले, जो पुढे ‘केरळ’ प्रकाराशी एकरूप ठरला.

दोषाचे जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने पुरुष बहुधा न्यून तरी असतो वा निर्दोष तरी. स्त्रीच्या रक्तात मात्र दोन्ही जातींच्या पेशी मिसळलेल्या असू शकतात, आणि केवळ होय-नाही सांगणारी पट्टी अशा स्त्रीला निर्दोष ठरवून मोकळी होते. म्हणून प्रस्तुत लेखकाच्या मते आकडा सांगणारे हातयंत्रच ग्राह्य. त्यात दहा मायक्रोलिटर रक्त द्रावणात मिसळून त्याचा अंश पट्टीवर सोडतात व दोन मिनिटांत हिमोग्लोबिनच्या दर ग्रॅममागे विकराची एकके वाचतात : ४ पर्यंत न्यून, ४.१ ते ६ स्त्रियांत मध्यम. अशा एका यंत्राला जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२४ मध्ये पूर्वपात्रता दिली.

शिरूर-दौंडसारख्या मुलखात ही चाचणी खाटेपाशी होण्याचे महत्त्व विशेष आहे. दौंडचे रेल्वे जंक्शन, रांजणगाव व कुरकुंभ येथील कारखाने आणि हंगामात फडावर कोप्या घालून राहणाऱ्या ऊसतोड टोळ्या यांमुळे येथील कित्येक रुग्णांचा मुक्काम अनिश्चित असतो; रक्त पुण्यास धाडून उत्तर परत येईतो टोळी पुढच्या गावी गेलेली असते. यंत्र १५ ते ४० अंश सेल्सिअस तापमानातच भरवशाचे असल्याने वैशाखातील दौंडला ते पत्र्याखाली न ठेवता सावलीच्या खोलीत वापरणे इष्ट.

न्यून आढळलेल्यास, गर्भिणी व तान्ही मुले वगळून, वैद्यकीय देखरेखीखाली दर किलोग्रॅमला ०.७५ मिलिग्रॅम प्रायमाक्वीन आठवड्यातून एकदा, असे आठ आठवडे देता येते. पेशी नुकत्याच फुटून गेल्या असल्यास नव्या, विकरसंपन्न पेशींमुळे आकडा फसवा चढतो. अशा रुग्णाची चाचणी सुमारे तीन महिन्यांनी पुन्हा करावी लागते.