कामगाराला काम कोणी शिकवावे?



कारखान्यात नव्या माणसाला काम कसे शिकवावे, हा विषय व्यवस्थापकांच्या कचेरीतला. व्याख्यानमालेत त्याला जागा मिळावी याचे काहींना नवल वाटेल. परंतु शिक्षणाची पद्धत जो ठरवितो, तो तिच्याबरोबर आणखी तीन गोष्टी ठरवून टाकतो. शिकणाऱ्याने मिंधे कोणाचे व्हावयाचे, शिकण्याच्या काळातील तोशीस कोणी सोसावयाची, आणि शिकून झाल्यावर ती विद्या कोणाच्या मालकीची. हे प्रश्न कामगाराच्या भाकरीचे आहेत. म्हणून या विषयाचा थोडा इतिहास आज आपल्यापुढे मांडावा असे मी योजिले आहे. मी काही कॉलेजात शिकलेला मनुष्य नव्हे. युनियनच्या कामात जे पाहिले आणि रात्री बसून जे वाचले, तेवढीच माझी शिदोरी.

कावसजी नानाभाई दावर यांनी 1854 साली मुंबईत कापड गिरणीची कंपनी काढली आणि 1856 साली तिची चाके फिरू लागली. यंत्रे विलायतेहून आली, ती चालविणारे वरचे मास्तरही बहुधा लँकेशायरचेच आले. पण साच्यावर उभे राहणारे हात कोकणातून आणि घाटावरून आले. काल नांगर धरणारा हात आज धोट्यावर कसा बसवावयाचा? मालकांनी यासाठी शाळा काढली नाही. ते काम त्यांनी जॉबरवर सोपविले.

जॉबर हा माणसे आणणारा, त्यांना कामावर लावणारा, त्यांच्यावर देखरेख करणारा आणि साचा बिघडला तर दुरुस्त करणाराही. बायकांच्या खात्यात हीच सत्ता नाइकिणीकडे असे. गावाहून आलेला पोरगा मामाच्या नाहीतर गाववाल्याच्या साच्याशेजारी उभा राही. तुटलेला धागा कसा जोडावा, रिकामी कांडी कशी बदलावी, हे बघून बघून शिके. या काळात त्याला पगार नसे. त्याचे जेवण खोलीतल्या माणसांच्या वाट्यातून निघे. म्हणजे मालकाच्या शिक्षणखात्याचा खर्च चाळीतल्या खाणावळीने भरला, असे म्हटले तर ते खोटे होणार नाही.

या पद्धतीचे गुण नाकारण्यात अर्थ नाही. शिकणे प्रत्यक्ष यंत्रापाशी होई, आपल्या बोलीत होई आणि शिकविणारा स्वतः त्या कामातून वर आलेला असे. मात्र दोष त्याहून जड होते. जॉबरला जे येत नसे ते त्याच्या हाताखालच्याला कधीच येत नसे. त्याची चूक पिढीजात होई. आणि ज्याने शिकविले त्याच्याच हाती नोकरी असल्यामुळे दस्तुरी दिल्यावाचून गत्यंतर नसे. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालील रॉयल कमिशनने 1931 सालच्या अहवालात जॉबरच्या या अनिर्बंध सत्तेवर कडक टीका केली. 1935 साली मुंबईत बदली कामगारांच्या नियंत्रणाची योजना आली, तिचा एक हेतू जॉबरची मनमानी आवरण्याचा होता. विद्या आणि भाकरी एकाच मुठीत असली की गुरू सावकार होतो, हा या प्रकरणाचा धडा आहे.

दुसरी पद्धत शाळेची. 1887 साली मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली. आज तिचे नाव वीरमाता जिजाबाई यांचे आहे. तेथे यंत्रविद्या आणि वस्त्रोद्योग यांचे शास्त्रशुद्ध शिक्षण मिळू लागले, आणि पुढे आपल्या मुलुखातले तरुण मास्तरांच्या जागी बसू लागले, हे उपकार मोठेच. परंतु त्या शिक्षणाला इंग्रजीचा उंबरठा होता. साच्यावरचा माणूस तो ओलांडू शकत नव्हता. ना. म. जोशी यांनी 1911 साली सोशल सर्व्हिस लीग काढली आणि गिरणगावात रात्रीच्या शाळा सुरू केल्या. त्यांनी अक्षरे दिली. पण दिवसाची पाळी करून आलेल्या माणसाने रात्री कंदिलाखाली किती शिकावे? शिकण्याचा वेळ हा कामाच्या वेळात धरला पाहिजे, हा विचार तेव्हा कोणाच्या मनातही नव्हता.

शिक्षण न देता काम वाढविले म्हणजे काय होते, ते 1928 साली दिसले. एका माणसाने अधिक साचे आणि अधिक चात्या सांभाळाव्यात अशी मालकांची योजना होती. कामगारांचे म्हणणे असे की कापूस हलका, सूत तुटके, आणि वर काम दुप्पट. मग गिरण्या जवळजवळ सहा महिने बंद राहिल्या आणि सुमारे दीड लाख कामगार बाहेर राहिले. त्या संपाची कारणे पुष्कळ होती. तरी एवढे निश्चित की माणसाचा हात सुधारणे आणि माणसाला हाकणे यांतील भेद करावयास तेव्हा कोणी बसले नाही.

तिसरी पद्धत अमेरिकेतली. पहिल्या महायुद्धात तेथील जहाजबांधणीसाठी एकाएकी हजारो नवखी माणसे शिकवावी लागली. त्या वेळी चार्ल्स ॲलन नावाच्या शिक्षकाने चार पायऱ्या घालून दिल्या. प्रथम शिकणाऱ्याचे मन तयार करावे; मग काम करून दाखवावे; नंतर ते त्याच्याकडून करवून घ्यावे; आणि शेवटी तो एकटा करू लागल्यावर त्याची विचारपूस ठेवावी. दुसऱ्या महायुद्धात, 1940 ते 1945 या काळात, याच पायऱ्यांवर अमेरिकन सरकारने मुकादमांना शिकविण्याची मोठी मोहीम चालविली आणि साडेसतरा लाखांहून अधिक मुकादम तीतून तयार केले. 1950 नंतरच्या दशकात आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेच्या तज्ज्ञांमार्फत ती पद्धत आपल्याकडेही आली. मला यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. शिकणाऱ्याला आले नाही तर दोष शिकविणाऱ्याकडे पाहावा, असे ही पद्धत मानते. आमच्याकडे आजही दोष "मठ्ठ" कामगाराकडे जातो. पण तिची मर्यादाही आहे. एक ठराविक काम बिनचूक हाती बसवावयाचे असेल तेथेच ती उपयोगी पडते. माणसामाणसांतले सहकार्य चार पायऱ्यांत बसत नाही.

ते कशात बसते, याचे उत्तर अहमदाबादेत मिळाले. कॅलिको मिलच्या एका शेडमध्ये स्वयंचलित साचे आले, पण उत्पादन वाढेना आणि कापड बिघडू लागले. 224 साचे, 29 माणसे, आणि कामाचे तुकडे मात्र बारा! विणकर वेगळा, बॅटरी भरणारा वेगळा, तेल घालणारा वेगळा. कोण कोणाला जबाबदार हे कोणालाच ठाऊक नव्हते. 1953 साली ए. के. राइस या इंग्रज संशोधकाने सुचविले की ठराविक साच्यांची जबाबदारी एका छोट्या गटाकडे द्यावी आणि गटातील माणसांनी एकमेकांची कामे शिकून घ्यावी. हे गट कामगारांनी आपले आपण बांधले. कार्यक्षमता शेकडा 80 च्या आसपास होती ती 95 पर्यंत गेली, आणि खराब कापड शेकडा 32 वरून 20 वर आले. यंत्र तेच, माणसे तीच. शिकविणारा मात्र बाहेरून आला नव्हता, तो शेजारच्या साच्यावर उभा होता.

आता कायद्याकडे वळू. 1850 साली आपल्याकडे उमेदवारीचा पहिला कायदा झाला. तो अनाथ आणि गरीब मुलांना धंद्याला लावण्यासाठी होता. स्वतंत्र भारताने 1961 साली नवा ॲप्रेंटिसेस ॲक्ट केला. कारखान्यात शिक्षण, शाळेत शास्त्र आणि हाती विद्यावेतन, अशी त्याची उत्तम कल्पना आहे. परंतु त्याच कायद्याचे अठरावे कलम सांगते की ॲप्रेंटिस हा शिकाऊ आहे, कामगार नव्हे. जेथे शिक्षण खरे आहे तेथे या वाक्याने बिघडत नाही. पण जेथे शिकाऊ मुलगा पहिल्या आठवड्यापासून पूर्ण पाळी ओढतो आणि मुदत संपताच त्याच्या जागी दुसरा शिकाऊ येतो, तेथे शिक्षण हे स्वस्त मजुरीचे नुसते पांघरूण ठरते. अशी तरुण मुले आमच्या युनियनच्या दाराशी येतात, तेव्हा प्रमाणपत्र त्यांच्या हातात असते. काम विचारले तर एकाच बटनाचे नाव सांगतात.

आणखी एका प्रयोगाची आठवण देतो. 1958 साली केंद्रीय कामगार शिक्षण मंडळ स्थापन झाले, त्याची कचेरी नागपुरास. कामगारांतूनच शिक्षक निवडावे, त्यांना पगारी रजा देऊन शिकवावे आणि मग त्यांनी आपल्या कारखान्यात वर्ग घ्यावे, अशी त्याची रचना होती. वेळ कामाचा आणि शिक्षक कामगार, ही दोन्ही सूत्रे यात होती.

उलट, उशिरा दिलेले शिक्षण काय कामाचे? 18 जानेवारी 1982 रोजी मुंबईचा गिरणी संप सुरू झाला आणि त्यानंतर एकामागून एक गिरण्या गेल्या. 1992 साली केंद्र सरकारने कामगारांना नवे धंदे शिकविण्यासाठी म्हणून राष्ट्रीय नवीकरण निधी काढला. त्याचा बहुतेक पैसा स्वेच्छानिवृत्तीची रक्कम देऊन माणसे घरी बसविण्यात गेला. नवे शिक्षण नोकरी असतानाच मिळाले पाहिजे. नोकरी गेल्यावर मिळते त्याला सांत्वन म्हणतात.

तेव्हा संस्थेने पद्धत कोणती निवडावी? माझे उत्तर असे की आधी काम पाहावे. हाताचे ठराविक काम असेल तर चार पायऱ्या पुरेत. धोका असेल, शास्त्र समजणे भाग असेल, तर शाळा हवीच. दहा माणसांनी मिळून करावयाचे असेल तर त्या दहांनाच एकत्र शिकू द्यावे. परंतु पद्धत कोणतीही असो, तीन अटी सोडू नयेत. शिकण्याच्या वेळेचा पगार मिळावा. शिकविणाऱ्याच्या हाती शिकणाऱ्याची नोकरी नसावी. आणि शिकलेली विद्या दुसऱ्या कारखान्यातही चालेल अशी असावी. पद्धत निवडण्यासाठी व्यवस्थापक जी बैठक बोलावतात, तीत ज्याला शिकावयाचे आहे त्याला एक खुर्ची द्यावी. गेल्या पावणेदोनशे वर्षांत ती खुर्ची फारच थोड्या ठिकाणी मांडली गेली आहे.