कुत्र्याला कुठे ठेवणार?

गणपती जवळ आले की आमच्या मीरा रोड-भाईंदरमधल्या मराठी घरांत एकच गडबड सुरू होते. रेल्वेचं वेटिंग सरकलं का, एसटीचं ग्रुप बुकिंग झालं का, गावच्या घराची कौलं कोणी बघून घेतली का... गेल्या काही वर्षांत या यादीत आणखी एका प्रश्नाची भर पडली आहे. "कुत्र्याला कुठे ठेवणार?" बंड्या आल्यापासून आमच्याकडे हा प्रश्न वर्षातून दोनदा येतो, मे महिन्यात आणि गणपतीत. नातेवाईक मंडळी फोनवर विचारतात तेव्हा त्यात थोडी काळजी आणि बरीचशी गंमत असते. आमच्या एका काकांच्या मते तर ही सगळी शहरी थेरं आहेत. "आमच्या लहानपणी काय कुत्रे नव्हते? त्यांना कोण कुठे ठेवायला जायचं?"

काकांनी टोमणा मारला खरा, पण प्रश्न चांगला आहे. खरंच, पूर्वी कोण ठेवायचं?

गावाकडचं उत्तर सोपं होतं. कुत्रा घराचा नसायचाच, तो वाडीचा असायचा. त्याला आत-बाहेर अशी भानगड नव्हती. एका घराला कुलूप लागलं तर तो शेजारच्या पडवीत जाऊन पडायचा. शेवटच्या भाकरीचा तुकडा त्याचा, हे कुणी कुणाला सांगावं लागत नसे. श्राद्धात कावळ्यासारखाच कुत्र्याचाही घास काढायची पद्धत आहे. आमच्याकडे दत्ताच्या पायाशी चार कुत्रे आणि खंडोबाबरोबरही कुत्रा. भाषेत मात्र त्याची अगदीच दैना, 'कुत्रं हाल खाणार नाही' म्हणण्यापर्यंत. देवापाशी मान आणि बोलण्यात हेटाळणी, अशी ही मजेदार वागणूक.

या व्यवस्थेला फार रंगवून सांगण्यात अर्थ नाही. आजारी कुत्र्याला तिथे कुणी औषध देत नसे आणि पिसाळल्याचा संशय आला तर काठ्या निघत. पण एक गोष्ट तिथे आपोआप होत होती. कुत्रा दोन दिवस दिसला नाही तर कुणीतरी म्हणायचं, "अरे, तो कुठाय?" त्याच्यावर दहा घरांची नजर असायची. आपण कुत्र्याला तिसऱ्या मजल्यावर आणलं, दाराला लॅच लावलं आणि त्या दहा नजरा एका कुटुंबावर आणून ठेवल्या. ते कुटुंब गावाला गेलं की उरली शून्य. काकांच्या लहानपणी हा प्रश्न नव्हता, याचं कारण हे.

तसा प्रश्न फार जुना आहे. कुत्रा मागे ठेवून परगावी गेलेल्या माणसाची एक अतिशय जुनी गोष्ट ग्रीकांच्या 'ओडिसी' या महाकाव्यात आहे. ओडिसियस ट्रॉयच्या युद्धाला जातो तेव्हा आर्गोस हा त्याचा लाडका, स्वतः शिकवलेला कुत्रा घरी राहतो. घर म्हणजे राजवाडा. नोकरचाकर भरपूर. वीस वर्षांनी ओडिसियस वेष पालटून परततो तेव्हा आर्गोस दाराबाहेर शेणाच्या ढिगावर पडलेला असतो, अंगभर गोचीड. तो मालकाला ओळखतो, शेपूट हलवतो, पण उठून जवळ येण्याची ताकद नसते. ओडिसियसला डोळ्यातलं पाणीसुद्धा लपवून पुसावं लागतं आणि कुत्रा तिथेच प्राण सोडतो. त्याची अशी अवस्था का झाली हे डुकरं राखणारा म्हातारा युमेयस सांगतो. मालक समोर नसला की नोकर कामं करत नाहीत.

म्हणजे आर्गोसला जागा होती, माणसं होती, अन्नही होतं. त्याच्याकडे बघणारं कुणी नव्हतं.

याच्या बरोबर उलट गोष्ट आपल्याकडे, महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वात. भाऊ आणि द्रौपदी वाटेत पडल्यानंतर युधिष्ठिराबरोबर फक्त एक कुत्रा उरतो. इंद्र रथ घेऊन येतो आणि म्हणतो, कुत्रा सोड आणि बस. युधिष्ठिर नकार देतो. आश्रयाला आलेल्याला टाकून मिळणारा स्वर्ग त्याला नको असतो. मग तो कुत्रा म्हणजे साक्षात धर्म असल्याचं उघड होतं, वगैरे आपल्याला माहीत आहेच.

मला यात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी वाटते. कुत्र्यांच्या बहुतेक प्रसिद्ध गोष्टींत परीक्षा कुत्र्याची असते. रायगडावरच्या वाघ्याची घ्या. महाराजांच्या चितेत त्याने उडी घेतली ही आख्यायिका, तिला ऐतिहासिक आधार आहे का हा वाद, १९३६ साली उभारलेलं स्मारक आणि त्यावरून झालेलं राजकारण, या सगळ्याच्या मध्यभागी कुत्र्याची निष्ठा आहे. जपानचा हाचिको तसाच. प्राध्यापक उएनो १९२५ साली अचानक वारले आणि हाचिको १९३५ साली स्वतः मरेपर्यंत शिबुया स्टेशनवर त्यांची वाट बघत राहिला. पण या गोष्टीचा एक भाग सहसा कुणी सांगत नाही. उएनो गेल्यावर हाचिकोला एकाकडून दुसऱ्याकडे फिरवलं गेलं, तो पुन्हा पुन्हा पळून यायचा आणि शेवटी प्राध्यापकांच्या जुन्या माळ्याच्या घरी स्थिरावला. ज्याचा वास ओळखीचा होता, त्याच्याकडे. युधिष्ठिराच्या गोष्टीत मात्र परीक्षा माणसाची आहे. सुट्टीवर निघताना आपली होते ती परीक्षा या जातीची.

आता आपल्या मुंबईकडे वळू.

आठव्या इयत्तेच्या पुस्तकात नसलेली एक दंगल या शहरात झाली होती, कुत्र्यांवरून. साल १८३२. भटक्या कुत्र्यांना ठरावीक काळात मारायचा नियम आधीपासून होता. त्या वर्षी ती मुदत वाढवली गेली. दर कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस होतं, तेव्हा पकडणाऱ्यांनी भटका आणि पाळीव हा फरक फारसा केला नाही. ६ जूनला फोर्टमध्ये पारशी मंडळी रस्त्यावर उतरली. पारशी धर्मात कुत्र्याला मोठं स्थान आहे, अंत्यविधीतही कुत्र्याची नजर मृतदेहावर पडावी लागते. दुसऱ्या दिवशी जैन आणि हिंदू व्यापारीही सामील झाले, दुकानं बंद राहिली आणि कुलाब्याच्या छावणीला जाणारी रसद अडली. आठ आण्यांच्या बक्षिसापायी सरकारला लष्कर आणावं लागलं!

दोन वर्षांनी, १८३४ साली, जमशेटजी जिजीभाई आणि अमीचंद शहा यांनी भुलेश्वरला पांजरपोळ काढला. कल्पना नवी नव्हती. राल्फ फिच नावाचा इंग्रज व्यापारी १५८० च्या दशकात हिंदुस्थानात आला होता, त्याने खंभातला लंगड्या कुत्र्यांची आणि मांजरांची इस्पितळं असल्याचं लिहून ठेवलं आहे. भाईंदरमध्ये आज जी गुजराती-मारवाडी जैन वस्ती आहे, तिच्या जीवदयेची परंपरा इतकी मागे जाते. आज भुलेश्वरला गेलात तर मुख्यतः गायी दिसतील, पण त्या जागेच्या जन्मामागे कुत्रे आहेत. पुढे १८७४ साली प्राण्यांवरचा अत्याचार रोखणारी संस्था मुंबईत आली, १८८० च्या दशकात परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट इस्पितळ आणि त्याच आवारात १८८६ साली पशुवैद्यक कॉलेज. पांजरपोळाचं काम जीव वाचवण्याचं, इस्पितळाचं बरं करण्याचं.

पण बघा, दोन्हीकडे येणारा कुत्रा एक तर निराधार किंवा आजारी. धडधाकट, लाडावलेला आणि ज्याचा मालक दहा दिवसांनी परत येणार आहे, असा कुत्रा या दोन्ही व्यवस्थांत बसत नाही. तो ठेव आहे. 'ठेवणार' हे आपलं क्रियापद किती नेमकं आहे!

कायदाही त्याला साधारण असाच बघतो. १८७२ च्या करार कायद्यात दुसऱ्याकडे सोपवलेल्या वस्तूंचं अख्खं प्रकरण आहे. सामान्य शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची जितकी काळजी घेईल, तितकी सोपवलेल्या वस्तूची घ्यावी, असं त्यातलं १५१ वं कलम सांगतं. १६३ व्या कलमाचं उदाहरण तर गोड आहे. सांभाळायला ठेवलेली गाय व्यायली तर गायीबरोबर वासरूही परत द्यायचं. पण कुत्रा वस्तू नाही, म्हणून त्याला आणखी एक आधार आहे, १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा. त्याचं तिसरं कलम मालकापुरतं थांबत नाही. प्राणी ज्याच्या ताब्यात आहे, त्या प्रत्येकावर त्याच्या स्वास्थ्याची जबाबदारी टाकतं. उपाशी-तहानलेला राहील अशा अवस्थेत प्राण्याला टाकून जाणं हाही गुन्हा आहे. दंड मात्र त्या काळातलाच, पहिल्या वेळेला १० ते ५० रुपये. तेव्हा कायद्याच्या भरवशावर कुत्रा सोडून जाऊ नये.

हे सगळं उगाच आठवलं नाही. आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाने मागे आपली लॅब्रेडॉर दहा दिवसांसाठी एका ठिकाणी ठेवली होती. एसी खोली, रोज मोबाईलवर फोटो. आल्यावर बघतात तर पुढच्या पायांची नखं दार खरवडून तुटलेली आणि पोट आत गेलेलं. मग फोटो नीट पाहिले. चौथ्या दिवसाच्या आणि सातव्या दिवसाच्या फोटोत पट्टा जमिनीवर अगदी तसाच वळलेला, पाण्याचं भांडंही तिथेच. एकाच बैठकीत काढलेले फोटो रोज एक असे पाठवले होते! आर्गोसच्या राजवाड्यातही असंच काहीतरी चालत असणार.

म्हणून जागा निवडताना आधी सोयी बघू नका, माणसं बघा. रात्री तिथे कोण झोपतं? त्याचं नाव काय? त्याच्याकडे एका वेळी किती कुत्रे असतात? कुत्रा जेवला नाही तर ते कुणाच्या लक्षात येईल आणि तो कुणाला फोन करेल? आजूबाजूचा डॉक्टर कोण? आणि एक उलटी कसोटी. ते तुमच्याकडे लसीचं कार्ड मागतात का? रेबीज, पार्वो, डिस्टेंपर आणि आपल्या पावसाळ्यात लेप्टो, याची चौकशी न करता जो कुत्रा घेतो, तो शेजारच्या पिंजऱ्यातला कुत्राही तसाच घेत असणार. न कळवता एकदा दुपारी जाऊन या. आत येऊ दिलं नाही तर तिथेच उत्तर मिळालं. जमलं तर महिनाभर आधी एक रात्र ठेवून बघा.

म्हातारा किंवा भित्रा कुत्रा असेल तर हाचिकोचा माळी आठवावा. रोज येणाऱ्या कामवाल्या मावशी, समोरच्या फ्लॅटमधला कॉलेजातला मुलगा, गावाला न जाणारे आजोबा, असं ओळखीच्या वासाचं माणूस पुष्कळदा एसी खोलीपेक्षा बरं. फक्त त्यांना गृहीत धरू नये. पैसे ठरवून द्यावेत, खाण्याच्या वेळा आणि डॉक्टरचा नंबर कागदावर लिहून द्यावा.

बरोबर न्यायचा असेल तर रेल्वेत दोन मार्ग आहेत. एसी फर्स्ट क्लासचा अख्खा कूपे घ्यायचा, नाहीतर गार्डजवळच्या सामानाच्या डब्यातल्या पेटीत त्याला पाठवायचं. पहिला खिशाला परवडत नाही, दुसरा मनाला. खाजगी गाडी असेल तर प्रश्नच मिटला, फक्त पनवेलच्या पुढे दर दोन तासांनी थांबायची तयारी हवी. आणि गावी पोचल्यावर काकांना सांगून ठेवा, वाडीतल्या कुत्र्यांना हा नवा पाहुणा एकदम भेटवू नका. पहिले दोन दिवस पट्टा हातात.