देवाचे घर आणि माणसाचे घर

कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांत गेल्या काही वर्षांत मुंबई-पुण्याच्या गृहस्थांनी पुष्कळ घरे बांधली. त्यांपैकी बऱ्याच घरांविषयी एक अभिमान ऐकू येतो. 'आमचे घर देवळाच्या शास्त्राप्रमाणे बांधले आहे', असे घरधनी पाहुण्यास सांगतात आणि दर्शनी भागावरील चुन्याचे छोटे शिखर किंवा दाक्षिणात्य घाटाचे खांब पुरावा म्हणून दाखवितात. हौसेला मोल नाही, आणि दुसऱ्याच्या घराला नावे ठेवणे हे सभ्यपणाचेही नव्हे. परंतु या अभिमानात इतिहास पुरता उलटा झाला आहे. देवळावरून घर निघाले नाही. घरावरून देऊळ निघाले.

याची साक्ष प्रथम शब्दच देतात. 'मंदिर' म्हणजे संस्कृतात मुळात राहावयाची जागा. 'प्रासाद' हा शब्द राजाच्या वाड्यासही चालतो आणि देवाच्या वास्तूसही. आपले 'देऊळ' हे 'देवकुल' आणि 'राऊळ' हे 'राजकुल'. देव जेथे बसतो त्या अगदी आतल्या अंधाऱ्या जागेस शिल्पशास्त्राने 'गर्भगृह' म्हटले, म्हणजे तेथेही 'गृह' आलेच. देवाला घर द्यावयाचे ठरले तेव्हा माणसाने स्वतःचेच घर त्याच्यापुढे ठेवले, आणि मग हळूहळू ते दगडात घडविले.

हे घडविणे कसे झाले ते पाहण्यास दूर जावयास नको. कर्जत तालुक्यात, राजमाचीच्या पायथ्याशी, उल्हास नदीच्या खोऱ्यात कोंढाण्याची बौद्ध लेणी आहेत. ती सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची. तेथे एका भग्न मूर्तीजवळ ब्राह्मी लेख आहे. कण्ह याचा शिष्य बलक याने हे काम केले, एवढेच त्यात सांगितले आहे. आपल्या प्राचीन कारागिरांपैकी फारच थोड्यांची नावे उरली, त्यात हा बलक एक. या बलकाच्या समोर कोणता नमुना होता? लाकडी घराचा. चैत्याच्या दर्शनी भागावर कोरलेले कठडे, जाळ्या, कमानी ही सर्व सुताराची कामे आहेत. डोंगरात कोरलेल्या छतास आधाराच्या फासळ्यांची काय गरज? तरी तेथे लाकडी फासळ्या बसविल्याच्या खुणा आहेत. लाकूड कुजते, दगड राहतो. म्हणून आज आपणांस दगड आधीचा आणि लाकूड नंतरचे असा भास होतो, इतकेच.

येथून मुंबईच्या वाटेवर अंबरनाथ लागते. तेथील शिवालय शिलाहार राजा मम्वाणी याच्या काळचे असून त्याच्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०, हे वर्ष आहे. तेथे मात्र घर ओळखू येत नाही. भूमिज पद्धतीचे ते शिखर, त्या भिंतींवरील देवकोष्ठ, पायऱ्या उतरून खाली जावे लागणारा तो गाभारा, हे सारे पाहून कोणासही वाटावे की देवळाचे शास्त्र घरापासून कायमचे तुटले. पण कोकणच्या पावसाने त्यांस पुन्हा जवळ आणले. दरसाल शंभर इंचांहून अधिक पाऊस जेथे कोसळतो, तेथे खेडेगावच्या देवळाला शिखराचा थाट कसा परवडावा? खालापूर तालुक्यातील महडचा वरदविनायक अष्टविनायकांपैकी एक. त्याचे देऊळ १७२५ साली रामजी महादेव बिवलकर यांनी बांधले असे सांगतात. जुन्या वर्णनांत ते कौलारू, घरासारखे दिसणारे आणि गाभाऱ्यावर घुमट असलेले असे आढळते. इतक्या मान्यतेचे दैवत, आणि त्याचे देऊळ घरासारखे! कोकणातील असंख्य ग्रामदेवतांची हीच गत: गाभारा दगडी, आणि त्यापुढील मंडपावर लाकडी वाशांचे उतरते छप्पर, जसे शेजारच्या घरावर असते तसेच.

आता घराकडे वळू. या भागातील जुने घर आम्ही पाहतो तेव्हा त्यात देवळाची आठवण जागोजाग होते. मात्र ती नक्कल नव्हे, ते भावंडांतले साम्य आहे. देवळाला जगती किंवा पीठ, तर घराला जोते. देवळाचा मुखमंडप, तर घराची ओटी. परका मनुष्य तेथवर येऊ शकतो. त्याच्या आत पडवी, मग माजघर, आणि त्याच्या कडेस देवघर. उजेडातून अंधाराकडे, गलबल्यातून शांततेकडे नेणारा हा क्रम दोहोंकडे एकच. भिंतीतील कोनाड्यास आपण 'देवळी' म्हणतो. तो शब्द दिव्यावरून आला की देवळावरून, हा वाद शब्दशास्त्रज्ञांवर सोपविलेला बरा. दाराच्या वरच्या पट्टीवर मधोमध गणपती कोरतात. देवळाच्या द्वारशाखेवरही तीच जागा त्याची. आणि उंबरठा? शिल्पग्रंथांत देवळाच्या दाराच्या खालच्या शिळेस 'उदुंबर' म्हणतात. उदुंबर म्हणजे उंबर, एक झाड. दगडाच्या शिळेस झाडाचे नाव पडावे यावरूनच ती शिळा पूर्वी लाकडाची होती हे उघड होते. आमच्या घरातील मुली संध्याकाळी ज्या उंबऱ्यावर रांगोळी काढीत, त्याच्या नावात ही सारी हकीकत साठलेली होती, आणि आम्हां शिकलेल्यांस ती पुष्कळ उशिरा कळली.

घाटावरच्या वाड्यात मध्ये उघडा चौक असतो, आणि त्यास वास्तुपुरुषाच्या ब्रह्मस्थानाचे नाव देता येते. घाटाखाली बहुतेक घरांत तो नाही. कारण साधे आहे: आषाढात असला चौक म्हणजे घरात विहीर. ज्यांनी चौकाशिवाय घरे बांधली ते शास्त्रबाह्य झाले काय? तसे कोणी कधी मानले नाही.

शास्त्र म्हणजे काय, हेही एकदा पाहिले पाहिजे. वराहमिहिराने सहाव्या शतकात 'बृहत्संहिते'त वास्तुविद्येवर स्वतंत्र अध्याय लिहिला. त्यात घरासाठी ८१ पदांचा विभाग सांगितला आहे, आणि देवळाच्या अध्यायात ६४ पदांचा. म्हणजे दोहोंचा हिशेब वेगळा ठेवण्याची दृष्टी ग्रंथकारासच होती. खेड्यातील जोशीबुवांच्या हाती मात्र बहुधा शके १५२२ मधील रामदैवज्ञाचा 'मुहूर्तचिंतामणि' असे. त्यातील 'आय' काढण्याची रीत मोठी मौजेची आहे. घराची लांबी आणि रुंदी हातांत मोजून त्यांचा गुणाकार करावा, त्यास आठाने भागावे, आणि बाकीवरून ध्वज, धूम, सिंह, श्वान, वृष, खर, गज, ध्वांक्ष असे आय ठरवावे. बाकी विषम असेल तर शुभ, सम असेल तर अशुभ. नऊ हात रुंद आणि चौदा हात लांब घर घेतले तर १२६ होतात, बाकी ६, म्हणजे खर. गाढवाचे घर कोणास हवे? तेच लांबीस एक हात वाढविले की १३५, बाकी ७, म्हणजे गज. ज्यास थोडे गणित येते त्याच्या ध्यानात येईल की दोन्ही मापे विषम ठेवली की गुणाकार विषमच येतो, आठाने भागल्यावर बाकीही विषमच उरते, आणि आय चुकण्याची भीतीच राहत नाही. घराचे खण तीन, पाच, सात असे विषम धरण्याची आमच्या सुतारांची जी चाल होती, तिच्या मुळाशी हे कोष्टक असो वा नसो, दोहोंचा मेळ उत्तम बसतो. आणि विषम खणांच्या घरात मधला खण दारासाठी मोकळा मिळतो, ही सोय तर उघडच आहे. सुतारास गाढव-हत्तींशी कर्तव्य नव्हते. त्यास दार मधोमध यावयास हवे होते.

याच ग्रंथांत दुसरीही बाजू आहे, आणि ती झाकून ठेवणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. 'बृहत्संहिते'त राजाच्या उत्तम घराची रुंदी १०८ हात सांगितली आहे, आणि चार वर्णांच्या घरांची रुंदी ३२ हातांपासून चार-चारांनी उतरत १६ हातांपर्यंत आणली आहे. घराचे माप जातीवरून ठरविणारे हे नियम आज कोणी पाळू म्हणणार नाही, आणि 'सारे शास्त्र पाळले' असे म्हणणाऱ्याने ते वाचलेले नसते. शिवाय या तालुक्यांतील ठाकूर आणि कातकरी लोकांच्या घरांस त्या उतरंडीत शेवटची जागाही सन्मानाने मिळाली नाही. कारवीच्या काठ्यांचा कूड, त्यावर माती-शेणाचा गिलावा, बुटक्या भिंती आणि त्यांवर खूप पुढे आलेली छपराची झुकती पाखी: पाऊस अंगावर न घेण्याची ही युक्ती कोणत्याही ग्रंथाखेरीज साधलेली आहे. याच्या उलट नव्या घरांवर सपाट स्लॅब घालतात, तो तिसऱ्या-चौथ्या पावसाळ्यात झिरपू लागतो, आणि मग त्यावर लोखंडी सांगाडा उभारून पत्र्याचे उतरते छप्पर चढवितात. शास्त्रोक्त म्हणविणाऱ्या घरावरही आम्ही ते पाहिले आहे. उतार शेवटी परत आलाच. मध्ये पैसे मात्र दोनदा गेले.

एका बाबतीत जुन्या ग्रंथकारांचे स्मरण अवश्य करावे, ती म्हणजे भूमिपरीक्षा. दिशा, पदे, आय हे सर्व मागाहून. आधी जमिनीत हातभर खड्डा खणून तीच माती त्यात पुन्हा भरावी. माती उरली तर भूमी उत्तम, बरोबर बसली तर मध्यम, कमी पडली तर त्याज्य. किंवा खड्डा पाण्याने भरून शंभर पावले जावे, परत यावे आणि पाणी किती उरले ते पाहावे. भुसभुशीत जमीन ओळखण्याची ही रीत आजही कोणास हसण्यासारखी वाटू नये. तिची मर्यादाही सांगितली पाहिजे: खड्ड्याने पायाखालची माती कळते, डोक्यावरचा डोंगर कळत नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीतील इर्शाळवाडी ही ठाकरांची वस्ती दरडीखाली गेली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसे सापडलीच नाहीत. त्या लोकांची घरे कोणत्या दिशेस तोंड करून होती हे विचारण्यात काय अर्थ होता? वाचलेल्या कुटुंबांसाठी पुढे चौकजवळ नानिवली येथे सपाटीवर घरे बांधण्यात आली.

त्यानंतरही आम्ही त्या बाजूस गेलो आहोत. टेकड्यांच्या उतारांवर यंत्रांनी पायऱ्या कापून जागेचे तुकडे पाडलेले दिसतात, आणि ते विकावयाचे नकाशे वाटेवरच्या फलकांवर लावलेले असतात. त्या नकाशांत उत्तर दिशा मोठ्या बाणाने दाखविलेली असते, ईशान्येस देवघराची जागाही रंगविलेली असते. पावसाचे पाणी पूर्वी त्या उतारावरून ज्या ओहोळाने खाली येई, तो मात्र नकाशात काढलेला नसतो.