सार्वजनिक ग्रंथालयातील ग्रंथनिवड व संग्रहव्यवस्थापन : मुंबई उपनगराच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

प्रास्ताविक

सार्वजनिक ग्रंथालयाचा इतिहास लिहिताना स्थापनेचे वर्ष, संस्थापकांची नावे, इमारतीचे उद्घाटन आणि शताब्दी महोत्सव यांची नोंद आवर्जून केली जाते. मात्र त्या ग्रंथालयाच्या कपाटांत कोणते ग्रंथ आले, ते कोणी निवडले, कोणत्या पैशातून घेतले आणि कोणते कालांतराने बाद झाले, याकडे अभ्यासकांचे लक्ष क्वचितच जाते. वस्तुतः ग्रंथालयाचे खरे चरित्र त्याच्या दाखल नोंदवहीत असते. ग्रंथाचे नाव, लेखक, किंमत, खरेदी की देणगी, आणि अखेरच्या रकान्यात ‘बाद’ असा शेरा, या नोंदींमधून एका समाजाची वाचनरुची आणि संस्थेची आर्थिक ओढाताण दोन्ही दिसतात.

प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील सार्वजनिक ग्रंथालयांच्या ग्रंथनिवडीचा व संग्रहव्यवस्थापनाचा ऐतिहासिक आढावा घेतला असून, त्याच्या आधारे कांजूरमार्गसारख्या उपनगरातील लहान ग्रंथालयासमोर कोणता प्रश्न उभा राहतो, याचा विचार केला आहे. ग्रंथालयाने सर्व काही जमवावे की निवडक तेवढे ठेवावे, हा तो प्रश्न होय. तो वरवर तांत्रिक वाटला तरी मराठी ग्रंथांच्या अस्तित्वाशी त्याचा थेट संबंध आहे.

१८९३ : दोन भूमिका

अव्वल इंग्रजी अमदानीतील आपली बहुतेक ग्रंथालये ‘नेटिव जनरल लायब्ररी’ या नावाने सुरू झाली. पुण्यात १८४८ मध्ये लोकहितवादी प्रभृतींच्या पुढाकाराने सुरू झालेले ग्रंथालय हे त्याचे ठळक उदाहरण होय. या ग्रंथालयांचा आधार दुहेरी होता. एकीकडे युरोपीय अधिकारी व एतद्देशीय धनिकांच्या देणग्या आणि दुसरीकडे वर्गणीदारांची मासिक वर्गणी. साहजिकच संग्रहात इंग्रजी ग्रंथांचे प्राबल्य असे. मराठी ग्रंथांचे स्थान दुय्यम राही.

या पार्श्वभूमीवर ठाण्यात १ जून १८९३ रोजी स्थापन झालेले मराठी ग्रंथसंग्रहालय वेगळे ठरते. पुढे ‘महाराष्ट्र सारस्वत’ लिहिणारे विनायक लक्ष्मण भावे तेव्हा अवघ्या बावीस वर्षांच्या आसपास होते. विष्णु भास्कर पटवर्धन यांच्यासह त्यांनी जो संकल्प केला तो मराठी भाषेतील ग्रंथ एकत्र करण्याचा होता. संस्थेच्या नावातील ‘संग्रहालय’ हा शब्द येथे अर्थपूर्ण आहे. वाचनालयात वाचकाच्या मागणीप्रमाणे ग्रंथ येतात, तर संग्रहालय मागणीची वाट न पाहता ग्रंथ सांभाळते. याच प्रेरणेने १ ऑगस्ट १८९८ रोजी मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झाले. पुढे शाखाविस्तार करून त्याने मुंबईभर आपले जाळे उभारले.

योगायोगाची बाब अशी की, याच १८९३ साली शिकागो येथील जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने अमेरिकन ग्रंथालय संघाने लहान सार्वजनिक ग्रंथालयांसाठी सुमारे पाच हजार निवडक ग्रंथांची सूची सिद्ध केली. तेथे इंग्रजी ग्रंथांचा महापूर होता. त्यामुळे तज्ज्ञांनी निवड करून द्यावी, अशी गरज भासली. आपल्याकडे मराठी मुद्रित ग्रंथांचे वय जेमतेम नऊ दशकांचे होते, आणि जे छापले गेले तेही नाहीसे होण्याची भीती होती. त्यामुळे येथे निवडीपेक्षा संकलनाला महत्त्व आले. या दोन्ही भूमिका आपापल्या परिस्थितीतून जन्मल्या. पुढील शंभर वर्षांत मराठी ग्रंथालयांना मात्र त्या दोन्ही एकाच वेळी पेलाव्या लागल्या, आणि अडचणीचे मूळ येथेच आहे.

संकलनाच्या भूमिकेचे सर्वांत मोठे फळ म्हणजे शंकर गणेश दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’. १८०० ते १९३७ या कालखंडाचा पहिला भाग १९४३ मध्ये आणि १९३८ ते १९५० या कालखंडाचा दुसरा भाग १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला. जुने पंचांग, क्रमिक पुस्तके, नाटकांच्या पदांची चोपडी यांसारखी ‘क्षुल्लक’ मुद्रिते कोणीतरी फेकून न देता ठेवली, तरच अशा सूचीचे काम शक्य होते. त्या काळच्या एखाद्या व्यवहारकुशल चिटणीसाने ‘कोणी वाचत नाही’ म्हणून ती रद्दीत घातली असती तर ही सूची तेवढ्या प्रमाणात अपुरी राहिली असती.

शासन, कायदा आणि अनुदान

ग्रंथालय ही शासनाची जबाबदारी आहे, हा विचार भारतात प्रथम प्रत्यक्षात आणला तो बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी. १९१० मध्ये त्यांनी विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालास पाचारण करून संस्थानभर ग्रंथालयांची साखळी उभारण्यास प्रारंभ केला. मुंबई इलाख्यात १९३९ मध्ये आसफ अली असगर फैजी यांच्या अध्यक्षतेखाली ग्रंथालय विकास समिती नेमली गेली. तिच्या १९४० च्या अहवालाने मध्यवर्ती ग्रंथालयापासून गावापर्यंत उतरत जाणारी रचना सुचविली. युद्धकाळामुळे अंमलबजावणी रेंगाळली आणि १९४७ नंतर तिला चालना मिळाली. मुंबईचे मध्यवर्ती ग्रंथालय एशियाटिक सोसायटीच्या टाऊन हॉलमध्ये राहिले. १९५४ च्या ग्रंथ प्रदान कायद्यान्वये देशभरातील प्रकाशनांच्या प्रती मिळण्याचा हक्कही त्यास लाभला. पुढे १९९४ मध्ये शासनाने त्याचा कारभार स्वतःकडे घेतला.

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ मध्ये संमत होऊन १ मे १९६८ पासून अमलात आला. मद्रास (१९४८) व म्हैसूर (१९६५) येथील कायद्यांत ग्रंथालय कराची तरतूद होती. महाराष्ट्राने तो मार्ग स्वीकारला नाही. गावोगावच्या संस्थांनी चालविलेल्या ग्रंथालयांना मान्यता द्यायची व त्यांना अनुदान द्यायचे, ही पद्धत येथे रूढ झाली. या धोरणामागे लोकसहभागाविषयीचा विश्वास होता आणि त्यामुळेच राज्यात हजारो ग्रंथालये उभी राहिली, हे मान्य केले पाहिजे. परंतु अनुदानासाठी काहीतरी मोजमाप हवे. त्यासाठी ‘अ’, ‘ब’, ‘क’ व ‘ड’ असे वर्ग ठरले आणि त्या वर्गवारीत ग्रंथसंख्येला महत्त्वाचे स्थान मिळाले.

संग्रहाच्या दृष्टीने या मोजमापाचे परिणाम दूरगामी झाले. ग्रंथसंख्या हाच निकष ठरला की, फाटलेला, कालबाह्य वा कधीही न वाचला जाणारा ग्रंथही दाखल नोंदवहीत जिवंत राहतो. कारण तो बाद केला तर संख्या घटते आणि संख्या घटली तर वर्ग घसरण्याचा धोका असतो. उलटपक्षी, संख्या वाढविण्यासाठी कमी किमतीच्या, अधिक सूट देणाऱ्या ग्रंथांकडे कल झुकतो. हजार रुपयांत एक कोश घ्यावा की पंधरा पातळ पुस्तके, असा पेच पडला तर वर्गवारीचे गणित पंधरा पुस्तकांच्या बाजूने कौल देते. अनुदान हप्त्यांनी येते. आर्थिक वर्षाअखेरीस ते खर्ची पडले पाहिजे, या घाईत निवडीसाठी लागणारी सवड उरत नाही. २०१२ मध्ये शासनाने राज्यभर ग्रंथालयांची विशेष पडताळणी केली. कागदावरील ग्रंथालय आणि प्रत्यक्षातील ग्रंथालय यांत अंतर पडू शकते, ही शंका त्यामागे होती. केवळ संख्येवर विसंबणाऱ्या व्यवस्थेत ती निर्माण होणे अटळ होते.

निवड नेमकी कोण करते?

संस्थाचालित ग्रंथालयात निवडीवर किमान चार हात असतात. पहिला हात वर्गणीदाराचा. त्याची मागणी प्रायः कादंबरी, चरित्र, आरोग्य, पाककृती आणि स्पर्धा परीक्षांची पुस्तके यांकडे असते. दुसरा हात शासनाचा. ग्रंथालय संचालनालयाच्या शासनमान्य ग्रंथांच्या यादीमुळे दर्जाची काहीएक हमी मिळते. मात्र एकच यादी गडचिरोलीस व मुंबईस सारखीच लागू पडते. तिसरा हात राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाचा. १९७२ मध्ये कोलकाता येथे स्थापन झालेल्या या प्रतिष्ठानाच्या समान व असमान निधी योजनांतून ग्रंथालयांना ग्रंथ मिळतात. चौथा हात देणगीदाराचा. घर बदलताना, वडीलधाऱ्यांच्या पश्चात वा जागा अपुरी पडल्यावर कुटुंबे आपला संग्रह ग्रंथालयास देतात.

या चारांमध्ये ग्रंथपालाचा हात कोठे आहे, असा प्रश्न कोणालाही पडावा. डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पंचसूत्रीत ‘प्रत्येक वाचकास त्याचा ग्रंथ’ आणि ‘प्रत्येक ग्रंथास त्याचा वाचक’ ही दोन सूत्रे एकमेकांना तोलून धरतात. पहिले सूत्र मागणीकडे पाहते आणि दुसरे सूत्र न मागितलेल्या ग्रंथाची बाजू घेते. हा तोल सांभाळणारी व्यक्ती ग्रंथपालच असू शकते, कारण वाचक आणि कपाट या दोहोंची ओळख फक्त त्याला असते. तुटपुंज्या वेतनावर काम करणाऱ्या ग्रंथपालास निवड समितीत केवळ नोंदी ठेवणारा मानले, तर दुसऱ्या सूत्राला वाली उरत नाही.

उपनगराचा संदर्भ

कांजूरमार्ग हे मध्य रेल्वेवरील विक्रोळी व भांडुप यांमधील उपनगर. लाल बहादूर शास्त्री मार्गालगतच्या कारखानदारीने या पट्ट्याचे जीवन दीर्घकाळ घडविले. पलीकडे पवई येथे १९५८ मध्ये स्थापन झालेली भारतीय तंत्रज्ञान संस्था आहे. कारखान्यांच्या पाळ्यांवर चालणारी कामगार वस्ती, शासकीय व नौदलाशी संबंधित वसाहती, जुने गावठाण आणि अलीकडचे उंच मनोरे अशी येथील लोकवस्तीची घडण आहे. १ ऑक्टोबर १९९० रोजी मुंबई उपनगर हा स्वतंत्र जिल्हा झाला. दक्षिण मुंबईत जुन्या ग्रंथालयांची परंपरा आहे. उपनगरांत मात्र ती वस्तीबरोबर उशिरा आणि तुकड्यातुकड्याने आली.

अशा ठिकाणी संग्रहव्यवस्थापनाचा पहिला शत्रू म्हणजे जागा. मुंबईत एका कपाटाने अडविलेल्या चौरस फुटांचीही किंमत असते. दुसरी अडचण वाचकवर्गाच्या बदलाची. तीस वर्षांपूर्वी कामगार वाचकाला समोर ठेवून घेतलेले ग्रंथ आजच्या वाचकास आपले वाटतीलच असे नाही. शिवाय हिंदी, गुजराती व दक्षिणी भाषांचे वाचक शेजारी असतात आणि पुढच्या पिढीचा कल इंग्रजीकडे असतो. त्यामुळे ‘जुने काढा, नवे आणा’ हा सल्ला स्वाभाविक वाटतो. तो चुकीचाही नाही. देवघेवीच्या कपाटात जीर्ण मार्गदर्शके, रद्द झालेल्या अभ्यासक्रमांची पुस्तके व एकाच कादंबरीच्या अनेक प्रती ठेवून कोणाचेही भले होत नाही.

धोका आहे तो बाद करण्याच्या पद्धतीत. दिवाळी अंकांचेच उदाहरण घ्यावे. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी कथा, कविता, व्यंगचित्र व वैचारिक लेख यांचे पहिले प्रकाशन मोठ्या प्रमाणात दिवाळी अंकांतून होत आले आहे. आजही अनेक ग्रंथालये स्वतंत्र वर्गणी घेऊन दिवाळी अंक योजना राबवितात. हंगाम संपला की अंकांची गरज संपते आणि पुष्कळदा ते रद्दीत जातात. लेखकाच्या पुस्तकात न आलेले लेखन, जाहिराती, मुखपृष्ठे यांसह एका वर्षाचे सांस्कृतिक चित्र त्यांबरोबर नष्ट होते. कामगार संघटनांच्या पुस्तिका, स्थानिक मंडळांच्या स्मरणिका, गृहनिर्माण संस्थांची व शाळांची वार्षिके यांचीही हीच गत होते. कांजूरमार्गच्या कारखानदारीचा व तेथील कष्टकऱ्यांच्या जीवनाचा इतिहास उद्या कोणास लिहावयाचा झाल्यास तो याच ‘क्षुल्लक’ मुद्रितांतून लिहावा लागेल. कोणत्याही शासनमान्य यादीत ती सापडणार नाहीत.

उपाययोजनेची दिशा

येथे देवघेवीचा संग्रह व जतनाचा संग्रह यांत स्पष्ट भेद करणे आवश्यक ठरते. प्रत्येक लहान ग्रंथालयाने संग्रहालय व्हावे, ही अपेक्षा अव्यवहार्य आहे. परंतु प्रत्येक लहान ग्रंथालयाने बाद करण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा, ही अपेक्षा रास्त आहे : ‘याची दुसरी प्रत कोठे आहे?’ त्याचे उत्तर मिळण्यासाठी जिल्हा पातळीवर संयुक्त तालिका आणि एक सामायिक जतनकेंद्र असावे. बाद होणारा ग्रंथ प्रथम तेथे कळवावा. तेथे प्रत नसेल तर ती स्वीकारली जावी व त्यानंतरच उरलेल्या प्रतींचे निर्लेखन व्हावे.

अनुदानाच्या निकषांतही त्या अनुषंगाने बदल हवा. ग्रंथसंख्येबरोबर देवघेवीचे प्रमाण, दरवर्षी झालेली ग्रंथपडताळणी, नियमानुसार केलेले निर्लेखन आणि स्थानिक मुद्रितांचे संकलन यांना गुण दिले, तर जुने ग्रंथ केवळ संख्येसाठी अडवून ठेवण्याचे कारण संपेल. निवड समितीत ग्रंथपालास मताधिकार असावा. संस्थेने आपले निवडधोरण एका पानात का होईना लिहून काढावे. देणगी स्वीकारताना ती संग्रहात ठेवणे बंधनकारक नाही, हे देणगीदारास आरंभीच सांगावे. महाविद्यालयीन ग्रंथालयांनीही आपल्या परिसरातील सार्वजनिक ग्रंथालयांशी या कामी सहकार्य करावे. मराठी व इतिहास विभागांच्या विद्यार्थ्यांना स्थानिक मुद्रितांची सूची करण्याचे काम प्रकल्प म्हणून देता येईल. त्यासाठी फार मोठ्या निधीची आवश्यकता नाही.

निष्कर्ष

१८९३ मध्ये ठाण्याच्या तरुणांसमोर मराठी ग्रंथ थोडे होते व ते विखुरलेले होते, म्हणून त्यांनी संकलनाचा मार्ग धरला. आज ग्रंथ विपुल आहेत आणि जागा थोडी आहे, म्हणून निवड अपरिहार्य झाली आहे. परंतु विपुलतेमुळे विनाशाचा धोका संपत नाही, तो अधिक अदृश्य होतो. पन्नास कपाटांत असलेली कादंबरी टिकणारच आहे. एकाच कपाटात असलेली कामगारांची पुस्तिका मात्र एका दुपारच्या आवराआवरीत नाहीशी होऊ शकते. सार्वजनिक ग्रंथालयाचे मूल्यमापन त्याच्याकडे किती ग्रंथ आहेत यावरून आपण दीर्घकाळ करीत आलो. त्याऐवजी त्याने काय निवडले, काय सोडले आणि सोडण्यापूर्वी कोणाला विचारले, यावरून ते केले तर ग्रंथालयांचे आणि पर्यायाने आपल्या स्थानिक इतिहासाचे अधिक हित साधेल.