जुन्या व्यापारी माहितीसाठ्यांचे नूतनीकरण : कृत्रिम बुद्धिमत्तेचे साहाय्य आणि मर्यादा

बंगळुरूच्या शिवाजीनगर परिसरात १९२७ साली उभारलेले रसेल मार्केट आणि जवळची कमर्शियल स्ट्रीट या शहरातील जुन्या बाजारपेठा आहेत. देशभरातील अशा बाजारपेठांतील रोजमेळ आणि खतावण्या १९९०च्या दशकात हळूहळू संगणकावर आल्या. बंगळुरूतच मुख्यालय असलेल्या, १९८६ मध्ये सुरू झालेल्या ‘टॅली’ने हिशेबाचे तयार सॉफ्टवेअर दिले. परंतु अनेक व्यापाऱ्यांनी व पतसंस्थांनी डीबेस किंवा फॉक्सप्रोमध्ये आपल्यापुरत्या प्रणाली लिहून घेतल्या. त्यांचे नूतनीकरण हा आता महत्त्वाचा प्रश्न बनला आहे.

अडचण कोठे आहे?

मायक्रोसॉफ्टने १९९२ मध्ये फॉक्सप्रोची मूळ कंपनी विकत घेतली. व्हिज्युअल फॉक्सप्रोची नववी आवृत्ती शेवटची ठरली आणि तिचे तांत्रिक साहाय्य जानेवारी २०१५ मध्ये थांबले. डॉसवरील जुने १६-बिट प्रोग्राम ६४-बिट विंडोजवर थेट चालत नाहीत. प्रणाली लिहिणारा प्रोग्रामर अनेकदा उपलब्ध नसतो आणि लेखी माहितीही नसते. या फाइलींमध्ये रकान्याच्या नावाला सामान्यतः दहाच अक्षरांची मर्यादा असल्याने संक्षिप्त नावांवरून अर्थ लागत नाही.

कृत्रिम बुद्धिमत्ता काय करू शकते?

भाषिक प्रारूपांवर आधारित साधने जुना प्रोग्राम वाचून कोणत्या रकान्यात काय साठविले आहे याचा अंदाज बांधतात, त्याचे वर्णन लिहितात, नव्या डेटाबेससाठी आराखडा सुचवितात आणि चाचण्याही तयार करतात. आयबीएमने २०२३ मध्ये कोबोल भाषेतील प्रोग्राम जावा भाषेत आणण्यास मदत करणारे असे साधन जाहीर केले. जे वाचन करण्यास पूर्वी अनेक आठवडे लागत, त्याचा पहिला मसुदा आता अल्पावधीत मिळू शकतो.

धोका कोणता?

फॉक्सप्रोमध्ये नोंद ‘डिलीट’ केल्यावर ती लगेच पुसली जात नाही. तिच्यावर केवळ खूण केली जाते. स्थलांतर करताना या खुणेकडे दुर्लक्ष झाल्यास रद्द केलेली बिले पुन्हा जिवंत होतात आणि ग्राहकाच्या नावावर नसलेली उधारी दिसू लागते. दोन अंकी वर्षे आणि युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेली मराठी वा कन्नड नावे यांतूनही चुका संभवतात. कृत्रिम बुद्धिमत्तेचा अंदाज चुकला, तरी तिचे उत्तर तितक्याच ठाम भाषेत असते.

स्थलांतर फसल्यास काय घडते, हे ब्रिटनमधील टीएसबी बँकेच्या प्रकरणातून दिसले. एप्रिल २०१८ मध्ये या बँकेने सुमारे ५२ लाख ग्राहकांची माहिती नव्या प्रणालीवर नेली. त्यानंतर लक्षावधी ग्राहकांना खात्याचे व्यवहार करता आले नाहीत. डिसेंबर २०२२ मध्ये नियामकांनी बँकेला ४ कोटी ८६ लाख ५० हजार पौंड दंड केला. तेथे कृत्रिम बुद्धिमत्तेचा संबंध नव्हता. अपुरी पूर्वतयारी आणि अपुऱ्या चाचण्या ही त्यातील महत्त्वाची कारणे होती.

कोणती दक्षता घ्यावी?

सर्वप्रथम मूळ फाइलींची प्रत वेगळ्या ठिकाणी सुरक्षित ठेवावी. त्यानंतर रकान्यांचे अर्थ दुकानातील किंवा संस्थेतील जुन्या हिशेबनिसाकडून तपासून घ्यावेत. जुनी व नवी प्रणाली किमान एक महिनाअखेर आणि एक वस्तू व सेवा कर विवरणपत्र पूर्ण होईपर्यंत समांतर चालवावी. नोंदींची संख्या, येणी-देणी आणि साठा यांचा ताळा दोन्हीकडे जुळला पाहिजे.

बाहेरील सेवेला ग्राहकांची खरी नावे व दूरध्वनी क्रमांक देण्याऐवजी नमुना माहिती वापरणे इष्ट. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ चे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून त्यांची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होणार आहे. साधन कोणतेही वापरले, तरी ग्राहकाच्या माहितीची जबाबदारी ती गोळा करून वापरणाऱ्या व्यावसायिकाचीच राहते.